कॅग, निवडणूक आयुक्त, लोकपाल, माहिती आयुक्त: मुदत किती आणि पद सुटते कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणी आयुक्त निवृत्त झाला, कोणाचा राजीनामा आला किंवा एखादी खुर्ची महिनोन्महिने रिकामी राहिली, की त्याच त्या प्रश्नांची रांग लागते. सरकारवर लक्ष ठेवणाऱ्या पदांबद्दल वाचक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या सगळ्या पदांची मुदत किती असते? एका जागी सांगा.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांची मुदत सहा वर्षे किंवा वय ६५. मुख्य निवडणूक आयुक्त आणि निवडणूक आयुक्त यांनाही तेच लागू आहे. केंद्रीय दक्षता आयुक्त आणि दक्षता आयुक्त चार वर्षे किंवा ६५. लोकपालचे अध्यक्ष आणि सदस्य पाच वर्षे किंवा ७०. केंद्रीय व राज्य माहिती आयुक्त सध्या तीन वर्षे किंवा ६५. आधी पाच वर्षे होती, त्याची कथा प्रश्न ६ मध्ये आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगात तीन वर्षे किंवा ७०. महाराष्ट्राच्या लोकायुक्तांना १९७१ च्या कायद्याने पाच वर्षे दिली. आपल्याकडे ही संस्था १९७२ पासून प्रत्यक्ष काम करू लागली, म्हणजे केंद्रातल्या लोकपालच्या कितीतरी आधी.

२. "सहा वर्षे किंवा वय ६५" म्हणजे जे आधी येईल ते, की नंतर येईल ते?

आधी येईल ते. आणि बहुतेक वेळा वयच आधी येते.

राजीव महर्षी २५ सप्टेंबर २०१७ रोजी कॅग झाले. जन्मतारीख ८ ऑगस्ट १९५५, म्हणून ७ ऑगस्ट २०२० ला त्यांचा कार्यकाळ संपला. कागदावर सहा वर्षे, हातात तीनही नाहीत. त्यांच्यामागून आलेले गिरीशचंद्र मुर्मू चार वर्षे आणि वर काही महिने राहिले. मुख्य निवडणूक आयुक्तांमध्ये टी. एन. शेषन यांनी १२ डिसेंबर १९९० ते ११ डिसेंबर १९९६ अशी पुरी सहा वर्षे काढली. त्यांच्यानंतर त्या खुर्चीत कोणाचीच सहा वर्षे भरली नाहीत. लोकपालचे सध्याचे अध्यक्ष न्या. अजय खानविलकर मार्च २०२४ मध्ये आले. त्यांचा जन्म ३० जुलै १९५७ चा, म्हणजे २०२७ च्या जुलैअखेर ते सत्तरीला पोचतात आणि पाच वर्षे भरायला तेव्हाही दीड वर्षाहून अधिक अवधी उरलेला असेल.

नव्या नियुक्तीची बातमी आली की "सहा वर्षांसाठी नेमणूक" हे शब्द सोडून द्या. जन्मतारीख शोधा आणि वजाबाकी करा. खरी मुदत तिथेच कळते.

३. मग सरकार मुद्दामच उतारवयातला माणूस नेमते का?

हेतू सिद्ध करणे कठीण, परिणाम मात्र डोळ्यांसमोर आहे. केंद्रीय सेवेतले अधिकारी साठाव्या वर्षी निवृत्त होतात. निवृत्तीनंतर किंवा तिच्या तोंडावर नेमणूक झाली, तर ६५ ची मर्यादा असलेल्या पदावर फार तर पाच वर्षे मिळणार. निवडणूक आयोगात यात आणखी एक भर पडते. आधी निवडणूक आयुक्त म्हणून काही वर्षे जातात, मग ज्येष्ठतेने मुख्य आयुक्तपद येते, आणि तोवर घड्याळ बरेच पुढे गेलेले असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निवडणूक आयुक्तांच्या नियुक्तीबद्दलच्या २ मार्च २०२३ च्या अनूप बरनवाल निकालात या तुटपुंज्या कार्यकाळांवर बोट ठेवले होते. त्यानंतर त्याच वर्षी नवा कायदा आला, त्यात मुदतीचा आकडा जसाच्या तसा राहिला आणि किमान कार्यकाळाची हमी काही आली नाही. माझ्या मते वादाचा मुद्दा निवड समितीत कोण बसते एवढाच नाही. पन्नाशीतल्या माणसाची निवड का होत नाही, हाही तितकाच मोठा आहे, आणि त्यावर कोणी फारसे बोलत नाही.

४. पद नेमके कोणत्या दिवशी सुटते? वाढदिवसाला की महिनाअखेरीस?

सरकारी नोकर महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. एक तारखेला जन्मलेला तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. या पदांना ती सवलत नाही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शेवटचे कामकाज होते. महर्षींची ७ ऑगस्ट ही तारीख त्यातूनच आली. मुदतीची मोजणी पदभार स्वीकारल्या दिवसापासून होते, नेमणुकीची अधिसूचना निघाल्या दिवसापासून नाही.

५. चांगले काम केले तर पुन्हा नेमता येते का?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि ते योग्यच आहे. पुन्हा नेमणूक मिळण्याची आशा असेल, तर शेवटच्या वर्षी लिहिलेल्या अहवालाची धार बोथट होण्याची भीती राहते. निवडणूक आयुक्त, दक्षता आयुक्त, लोकपाल, माहिती आयुक्त यांना फेरनियुक्ती नाही. बढती चालते, पण दोन्ही पदांची मिळून एकूण मुदत ठरलेली आहे: निवडणूक आयुक्त मुख्य आयुक्त झाला तर एकत्रित सहा वर्षे, दक्षता आयुक्त केंद्रीय दक्षता आयुक्त झाला तर चार, माहिती आयुक्त मुख्य माहिती आयुक्त झाला तर जास्तीत जास्त पाच.

अपवाद मानवाधिकार आयोगाचा. २०१९ च्या दुरुस्तीने तिथली मुदत पाचवरून तीन वर्षांवर आणली आणि फेरनियुक्तीची वाटही ठेवली. मुदत लहान आणि वर पुन्हा नेमणुकीची शक्यता, असे दोन्ही एकत्र असले की सरकारकडे बघण्याची नजर मवाळ होण्याचा धोका वाढतो.

६. मुदत घटनेत लिहिलेली नाही का? सरकार ती कमी करू शकते?

बऱ्याच जणांना हे ऐकून धक्का बसतो, पण कॅगची सहा वर्षे घटनेत नाहीत. घटनेचे कलम १४८ नियुक्ती, शपथ, पदच्युती यांबद्दल बोलते. मुदत १९७१ च्या कायद्यात आहे. निवडणूक आयुक्तांचेही तसेच, कलम ३२४ ने मुदत संसदेच्या कायद्यावर सोपवली. माहिती आयुक्त, लोकपाल, दक्षता आयुक्त ही पदे तर घटनेत नाहीतच, ती कायद्याच्या आधारावर उभी आहेत.

म्हणजे संसद कायदा बदलू शकते, आणि तिने बदललाही आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात "पाच वर्षे" हे शब्द मूळ कलमातच होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते काढून "केंद्र सरकार ठरवेल ती मुदत" असे घातले आणि ऑक्टोबर २०१९ च्या नियमांनी ती तीन वर्षे केली. गंमत म्हणजे राज्यांच्या माहिती आयुक्तांची मुदतही आता केंद्रच ठरवते. मुंबई, नागपूर, पुणे, कुठल्याही खंडपीठावर बसणाऱ्या आयुक्ताच्या वर्षांचा हिशोब दिल्लीत होतो. दुरुस्तीआधी नेमलेल्यांना मात्र जुनीच मुदत मिळाली.

खुर्चीत बसलेल्या माणसाची मुदत मधेच कापणे ही वेगळी गोष्ट. कॅग आणि मुख्य निवडणूक आयुक्त यांच्या सेवाशर्ती नियुक्तीनंतर त्यांना तोट्याच्या ठरतील अशा बदलता येत नाहीत. ही ढाल घटनेची आहे. राज्य निवडणूक आयुक्तांनाही कलम २४३ट ने तीच ढाल दिली आहे, आणि ती कशी कामाला येते ते आंध्र प्रदेशात दिसले. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या सरकारने अध्यादेश काढून राज्य निवडणूक आयुक्ताची मुदत पाचवरून तीन वर्षांवर आणली. पदावर असलेले निम्मगड्डा रमेश कुमार एका फटक्यात बाहेर गेले आणि त्यांच्या जागी एक निवृत्त न्यायाधीश बसवले गेले. कोरोनामुळे स्थानिक निवडणुका पुढे ढकलण्याच्या रमेश कुमार यांच्या निर्णयाने आधीच ठिणगी पडलेली होती. २९ मे २०२० रोजी उच्च न्यायालयाने अध्यादेश रद्द केला आणि पुढच्या ओढाताणीनंतर ते पदावर परतले. हटवण्याची ठरलेली प्रक्रिया टाळून मुदतीलाच कात्री लावायची, ही युक्ती न्यायालयाने चालू दिली नाही.

७. "सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणे पदच्युती" म्हणजे प्रत्यक्षात काय करावे लागते?

कॅग आणि मुख्य निवडणूक आयुक्त यांना हे संरक्षण आहे. कारण दोनच: सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा अक्षमता. प्रस्तावावर लोकसभेच्या किमान १०० किंवा राज्यसभेच्या किमान ५० सदस्यांच्या सह्या लागतात. तो दाखल करून घेतला तर चौकशी समिती बसते. तिने दोष ठेवला, तर दोन्ही सभागृहांत एकाच अधिवेशनात ठराव मंजूर व्हावा लागतो, आणि तोही दुहेरी बहुमताने: एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश. शेवटी राष्ट्रपतींचा आदेश. या वाटेने आजवर एकही कॅग किंवा मुख्य निवडणूक आयुक्त घरी गेलेला नाही. लोकभाषेत याला महाभियोग म्हणतात; घटनेत तो शब्द फक्त राष्ट्रपतींसाठी आहे.

पण हटवता येत नाही म्हणजे हातच लावता येत नाही, असेही नाही. २००८ साली महाराष्ट्र विधानसभेने तेव्हाचे राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना विशेषाधिकारभंगाबद्दल दोन दिवसांची कैद सुनावली होती. पद शाबूत राहिले, माणूस तुरुंगात जाऊन आला.

८. बाकीच्या दोन निवडणूक आयुक्तांनाही हेच संरक्षण आहे का?

नाही. त्यांना मुख्य आयुक्तांची शिफारस असल्याशिवाय हटवता येत नाही, एवढेच घटना म्हणते. शिफारस आली तर ती मानलीच पाहिजे का? जानेवारी २००९ मध्ये मुख्य आयुक्त एन. गोपालस्वामी यांनी सहकारी नवीन चावला यांना हटवण्याची शिफारस स्वतःहून केली. ती फेटाळली गेली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये चावला मुख्य निवडणूक आयुक्त झाले. तीन आयुक्त बहुमताने निर्णय घेतात. तिघांची मते सारख्याच वजनाची आणि संरक्षण मात्र एकालाच पूर्ण, ही विसंगती अजून तशीच आहे.

९. माहिती आयुक्त, दक्षता आयुक्त किंवा लोकपाल यांना हटवायलाही संसद लागते का?

नाही, इथे वाट सर्वोच्च न्यायालयातून जाते. गैरवर्तन किंवा अक्षमतेचा आरोप असेल तर राष्ट्रपती प्रकरण न्यायालयाकडे पाठवतात, न्यायालय चौकशी करून अहवाल देते, मग आदेश निघतो. राज्य माहिती आयुक्तांच्या बाबतीत हेच काम राज्यपाल करतात. लोकपालविरुद्ध किमान १०० खासदारांच्या सह्यांच्या अर्जावरूनही प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. नागरिकाच्या अर्जाचीही सोय आहे, पण राष्ट्रपतींचे समाधान झाले तरच.

काही कारणांसाठी न्यायालयाकडे न जाता थेट हटवता येते. माहिती आयुक्ताचे दिवाळे निघाले, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला, पदावर असताना बाहेर पगारी काम धरले, अशी ही कारणे आहेत. "आयुक्तांनी माझे अपील फेटाळले" हे त्यांत बसत नाही. असा अर्ज राज्यपालांकडे पाठवून वेळ घालवण्यापेक्षा उच्च न्यायालयात रिट करा.

१०. माणसाला हटवता येत नाही, पण पदच रद्द केले तर?

हा प्रश्न विचारणाऱ्याला दाद द्यायला हवी, कारण असे घडले आहे. ऑक्टोबर १९८९ मध्ये, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना, मुख्य आयुक्तांच्या जोडीला आणखी दोन निवडणूक आयुक्त नेमले गेले. सरकार बदलले आणि १९९० च्या जानेवारीत नव्या सरकारने ती दोन्ही पदेच रद्द केली. त्यांपैकी एक, एस. एस. धनोआ, सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये हरले: पद निर्माण करायचा अधिकार ज्याला आहे, त्याला ते संपवायचाही आहे, असा निकालाचा आशय. १९९३ मध्ये पुन्हा दोन आयुक्त आले, शेषन यांनी त्याला आव्हान दिले, १९९५ मध्ये न्यायालयाने तीन सदस्यांचा आयोग वैध ठरवला आणि तेव्हापासून तो तसाच आहे. कॅग किंवा मुख्य निवडणूक आयुक्त ही पदे थेट घटनेत असल्याने सरकारी आदेशाने ती रद्द होऊ शकत नाहीत.

११. राजीनामा कोणाकडे द्यायचा? तो मंजूर व्हावा लागतो का? दिलेला परत घेता येतो?

वर सांगितलेल्या केंद्रीय पदांचा राजीनामा राष्ट्रपतींच्या नावे, लेखी, स्वतःच्या सहीने. अशा संरक्षित पदावरचा माणूस तो आपल्या मर्जीने देतो, त्याला कोणी अडवून धरू शकत नाही. राजपत्रात "राष्ट्रपतींनी स्वीकारला" अशी भाषा येते, म्हणून मंजुरीबद्दल गोंधळ होतो. अरुण गोयल यांनी ९ मार्च २०२४ ला निवडणूक आयुक्तपद सोडले आणि त्याच दिवशी अधिसूचना निघाली. अनूपचंद्र पांडे महिनाभर आधीच निवृत्त झालेले, त्यामुळे लोकसभा निवडणुकीच्या घोषणेला आठवडा उरला असताना आयोगात मुख्य आयुक्त एकटेच राहिले होते. १४ मार्चला दोन नवे आयुक्त नेमले गेले.

परत घेण्याचे उत्तर तारखेवर अवलंबून आहे. राजीनाम्यात पुढची तारीख लिहिली असेल, तर ती उजाडेपर्यंत माघार घेता येते. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच सांगितले. अशोक लवासा यांनी ऑगस्ट २०२० मध्ये आशियाई विकास बँकेत जाण्यासाठी दिलेला राजीनामा महिनाअखेरची तारीख घालून होता. मनात आले असते तर मधल्या दिवसांत त्यांना तो मागे घेता आला असता. कर्नाटकचे लोकायुक्त न्या. संतोष हेगडे यांनी २०१० मध्ये दिलेला राजीनामा मागे घेतला. ते थांबले म्हणून २०११ च्या जुलैतला बेकायदा खाणकामाचा अहवाल त्यांच्या सहीने आला, आणि मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना पायउतार व्हावे लागले.

१२. नियुक्तीच बेकायदा ठरली, तर त्या काळातल्या निर्णयांचे काय होते?

मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पी. जे. थॉमस यांची केंद्रीय दक्षता आयुक्तपदावरची नियुक्ती रद्द केली. त्यांच्यावर केरळमधल्या पामतेल प्रकरणात आरोपपत्र होते आणि निवड समितीने ही बाब विचारातच घेतली नव्हती. तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी समितीत विरोध नोंदवला होता. ही पदच्युती नव्हे. नेमणूकच झाली नाही असे कायदा मानतो, त्यामुळे प्रश्न ९ मधली प्रक्रिया इथे लागत नाही.

तरी अशा माणसाने पदावर असताना केलेली कामे सरसकट बाद होत नाहीत. लोकांनी त्याला खराखुरा अधिकारी समजूनच व्यवहार केलेला असतो, त्यांचे नुकसान होऊ नये म्हणून ती कामे वैध धरली जातात. न्यायाधीशांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १९८१ मध्ये मान्य केले आहे.

१३. निवृत्तीनंतर हे लोक राज्यपाल, खासदार, मंत्री कसे होतात? बंदी नाही का?

पदागणिक वेगळे आहे. कॅगला केंद्र किंवा कोणत्याही राज्य सरकारखाली पुढे पद घेता येत नाही, हे घटनेतच आहे. तरी १९८४ ते १९९० कॅग असलेले टी. एन. चतुर्वेदी पुढे राज्यसभेत गेले आणि कर्नाटकचे राज्यपालही झाले. खासदारकी निवडून येऊन मिळते. आणि राज्यपाल हा केंद्र सरकारचा नोकर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच म्हटलेले आहे. अक्षर पाळले गेले. हेतू पाळला गेला का, ते ज्याचे त्याने ठरवावे.

निवडणूक आयुक्तांवर घटनेने असे कोणतेच बंधन घातलेले नाही. एम. एस. गिल केंद्रात मंत्री झाले. शेषन यांनी १९९७ मध्ये राष्ट्रपतिपदाची आणि १९९९ मध्ये गांधीनगरमधून लोकसभेची निवडणूक लढवली, दोन्हीकडे हरले. सर्वांत कडक नियम लोकपालचा: सरकारी पद तर नाहीच, शिवाय पद सोडल्यापासून पाच वर्षे राष्ट्रपतिपदापासून नगरपालिकेपर्यंत कोणतीही निवडणूक लढवता येत नाही.

१४. सीबीआय आणि ईडीच्या संचालकांना हे नियम लागू आहेत का?

नाहीत. त्या सरकारच्याच तपास यंत्रणा आहेत, संचालक सेवेतला अधिकारी असतो. त्याला किमान दोन वर्षांची हमी आहे. २०२१ च्या दुरुस्तीने एकेक वर्षाची वाढ देत एकूण पाच वर्षांपर्यंत जाता येते. ईडीचे संजयकुमार मिश्रा यांना दिलेल्या वाढी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये बेकायदा ठरवल्या, दुरुस्ती मात्र कायम ठेवली. सीबीआयचे आलोक वर्मा यांचे अधिकार ऑक्टोबर २०१८ मध्ये रातोरात काढून घेतले गेले. ८ जानेवारी २०१९ ला न्यायालयाने ते परत दिले आणि १० तारखेला निवड समितीने त्यांची बदली केली. दोन वर्षांच्या हमीची ताकद किती, ते त्या दोन दिवसांत कळले.

१५. मुदत संपली आणि नवा माणूस आलाच नाही तर? जुना थांबतो का? माझे अपील पडून आहे.

जुना थांबत नाही. मुदत संपल्यावर त्याची सही निरुपयोगी. लोकपालमध्ये अध्यक्षपद रिकामे झाले तर राष्ट्रपती ज्येष्ठ सदस्याला काम बघायला सांगू शकतात. पहिले लोकपाल न्या. पिनाकीचंद्र घोष मे २०२२ मध्ये सत्तरीमुळे पायउतार झाले, आणि मार्च २०२४ पर्यंत कारभार प्रभारीच राहिला.

माहिती आयोगांत याची झळ थेट तुमच्यापर्यंत येते. रिकाम्या जागांची भरती जागा रिकामी होण्याच्या एक ते दोन महिने आधीच सुरू करा, असे सर्वोच्च न्यायालयाने अंजली भारद्वाज प्रकरणात फेब्रुवारी २०१९ मध्ये बजावले. तरीही झारखंडचा आयोग मे २०२० पासून एकाही आयुक्ताविना वर्षानुवर्षे बंद राहिला.

अपील मात्र रद्द होत नाही. ते आयोगाकडे दाखल असते, अमुक आयुक्ताकडे नाही. पोच आणि अपील क्रमांक जपून ठेवा. सुनावणी झाली पण आदेशावर सही होण्याआधी आयुक्त निवृत्त झाला, तर नव्या आयुक्तापुढे पुन्हा सुनावणी मागा. तुमचे म्हणणे न ऐकलेल्या माणसाने जुन्या टिपणांवरून दिलेला आदेश वरच्या न्यायालयात टिकवणे अवघड जाते. आयोगच बंद पडला असेल, तर उच्च न्यायालयात नेमणुकीचे निर्देश मागणारी याचिका हाच मार्ग उरतो.